पुण्यात महाविद्यालयीन शिक्षणासाठी येणाऱ्या वंचित घरांतील विद्यार्थ्यांना मिळणारी मदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी मे ते ऑगस्ट या महिन्यांत, बाहेरगावाहून आणि पुण्यातल्याच वस्त्यांमधून येणाऱ्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन प्रवेशासाठी मदत करणाऱ्या एका लहानशा स्वयंसेवी गटात काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही पालकांचे आणि काही शाळांमधील शिक्षकांचे. योजनांच्या अटी, रकमा आणि तारखा बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचावीच.

प्रवेश-सहाय्य कार्यक्रम म्हणजे नेमके काय?

ज्या घरातून आजवर कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, किंवा गेले तरी पैशाअभावी अर्ध्यावरून परत फिरले, अशा घरातील मुलामुलींना शाळेपासून पदवीपर्यंत सोबत करणारी व्यवस्था, असे त्याचे सरळ वर्णन करता येईल. त्यात अभ्यासक्रम निवडण्यापासून दाखले गोळा करणे, सीईटी या सामाईक प्रवेश परीक्षेची तयारी, प्रवेशाच्या फेऱ्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, राहण्या-जेवण्याची सोय आणि पहिल्या वर्षाच्या अभ्यासातील आधार, असे सगळे येते. एखादी संस्था यातले एकच काम करते, एखादी सगळी.

अमेरिकेत अशा सरकारी कार्यक्रमांची सुरुवात १९६४ मध्ये 'अपवर्ड बाउंड'पासून झाली. आपल्याकडे नाव नवे असले तरी काम जुने आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली ती याच जाणिवेतून, की खेड्यातल्या मुलाला शाळा खुली करून भागत नाही, त्याला शहरात पाठ टेकायला जागा लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. 'कमवा आणि शिका' हे शब्द महाराष्ट्राच्या तोंडी रुळले ते त्यांच्यामुळे.

एवढी आरक्षणे आणि शिष्यवृत्त्या असताना वेगळ्या कार्यक्रमाची गरज काय?

उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार देशाचे एकूण नोंदणी-प्रमाण, म्हणजे १८ ते २३ या वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणात असलेल्यांचे प्रमाण, २८.४ टक्के आहे. अनुसूचित जातींमध्ये ते २५.९ आणि अनुसूचित जमातींमध्ये २१.२ टक्के आहे. योजना आहेत, तरतुदीही आहेत, पण त्या आणि विद्यार्थी यांच्यामध्ये एक मोठे अंतर राहते, आणि ते अंतर बहुतेक वेळा गुणांचे नसते. ते एखाद्या दाखल्याचे, एखाद्या तारखेचे, कॉट बेसिसच्या, म्हणजे खाटेपुरत्या भाड्याच्या, खोलीच्या डिपॉझिटचे किंवा एका महिन्याच्या मेसच्या बिलाचे असते. सुशिक्षित घरातील मुलाची अशी अडचण त्याचा काका, मावशी किंवा शेजारी एका फोनवर सोडवतात. ज्याच्या नात्यात असे कोणीच नाही, त्याच्यासाठी ते नाते कार्यक्रमाने निभावायचे असते.

मग माहितीपत्रके वाटून, शिबिरे घेऊन भागणार नाही का?

नाही. हे आमच्या गटाने अनुभवाने शिकले, आणि इतरत्र ते मोजूनही पाहिले गेले आहे. अमेरिकेत आर्थिक साहाय्याचा सरकारी अर्ज त्या काळी फार किचकट होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील एका अभ्यासात काही कुटुंबांना फक्त माहिती दिली गेली, तर काही कुटुंबांच्या शेजारी बसून करसल्लागारांनी तो अर्ज प्रत्यक्ष भरून दिला. ज्यांचा अर्ज भरून दिला, त्या घरांतील शाळा संपवणाऱ्या मुलांपैकी पुढच्या तीन वर्षांत दोन वर्षे महाविद्यालयात टिकलेल्यांचे प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेले. नुसत्या माहितीचा काही परिणाम दिसला नाही.

आपल्याकडचे चित्र याहून वेगळे नाही. भोर तालुक्यातून आलेले एक वडील माझ्या डोळ्यासमोर आहेत. त्यांनी सगळे कागद खताच्या रिकाम्या पिशवीत, प्रत्येक कागदाची घडी स्वतंत्र प्लास्टिकमध्ये घालून आणले होते. पावसाचा एक थेंबही कशाला लागलेला नव्हता. शिष्यवृत्तीचे माहितीपत्रक त्यांच्याकडे होते, मुलीने ते वाचलेही होते. पण नॉन क्रिमीलेअर, म्हणजे घर प्रगत उत्पन्नगटात मोडत नसल्याच्या, प्रमाणपत्राची मुदत त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपली होती, आणि हे माहितीपत्रकात कोठेही छापलेले नव्हते. कोणीतरी ती पिशवी जमिनीवर रिकामी करून, एकेक कागद हातात घेऊन, तारीख पाहिल्याशिवाय ते समजणारच नव्हते. आम्ही ज्याला मदत म्हणतो ती ही.

'वंचित' कोणाला म्हणायचे? फक्त राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांनाच मदत मिळते का?

शासकीय योजनांमध्ये प्रवर्ग आणि उत्पन्न या दोन्हींच्या अटी असतात. स्वयंसेवी कार्यक्रमांत साधारणपणे घरचे उत्पन्न, पालकांचे शिक्षण, आई किंवा वडील हयात आहेत की नाही, घर कोठे आहे आणि शाळा कोणत्या प्रकारची होती, हे एकत्र पाहिले जाते. अल्पभूधारक शेतकऱ्याची, ऊसतोड कामगाराची, घरकाम करणाऱ्या बाईंची, रिक्षाचालकाची, कचरावेचकाची मुले यात येतात, मग प्रवर्ग कोणताही असो. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: गरिबी आणि जात या दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत. ज्याच्या वाट्याला दोन्ही आल्या, त्याची फी भरली की काम संपले, असे समजू नये.

तयारी कोणत्या इयत्तेपासून सुरू करावी?

बारावीचा निकाल लागल्यावर सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळेत मिळालेला २५ टक्क्यांतील मोफत प्रवेश आठवीपर्यंतच असतो, त्यामुळे नववीची फी हा अनेक घरांतला पहिला मोठा धक्का ठरतो. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. ती उत्तीर्ण होऊन गुणवत्ता यादीत आलेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नमर्यादा साडेतीन लाख रुपये आहे. महापालिकेच्या शाळांतील शिक्षकांना आमची विनंती असते, की वर्गातील एकही पात्र मूल या परीक्षेला बसण्यावाचून राहू देऊ नका.

दहावीनंतर शाखा निवडताना घाई होते. 'गुण चांगले आहेत, सायन्सच घ्या' असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण विज्ञान शाखेसोबत येणारा शिकवणीचा खर्च घराला झेपणार आहे का, नसेल तर मोफत वर्ग कोठे मिळतील, हे विचारणारे कमी. जात पडताळणीचे, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र मिळवण्याचे, काम मात्र अकरावीतच सुरू करावे. त्याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

कोणती कागदपत्रे लागतात आणि सर्वांत जास्त अडचण कशात येते?

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी नॉन क्रिमीलेअर, खुल्या प्रवर्गातील पात्र घरांसाठी आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, आणि आधारशी जोडलेले बँक खाते. यादी प्रत्येकाला पाठ असते. अडचण यादीत नसते, कागदांच्या आपसातल्या विसंगतीत असते.

सर्वाधिक वेळ जातो तो जात वैधता प्रमाणपत्रात. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी ते आवश्यक असते, आणि त्यासाठी घराण्याची जुनी नोंद दाखवावी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे त्यासाठीचे मानीव दिनांक आहेत. म्हणजे त्या तारखेपूर्वीची, आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेतली, गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली किंवा महसुली कागदांतली नोंद शोधावी लागते. ज्या घरातले आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्या घराला ही अट किती जड जाते, याची कल्पना कार्यालयाबाहेर उभे राहिल्यावरच येते. वडिलांकडच्या रक्तनात्यातील कोणाची वैधता आधीच झालेली असेल, तर ती प्रत मोठा आधार ठरते. म्हणून अगोदर चुलते, आत्या आणि चुलत भावंडांकडे चौकशी करावी.

दुसरी अडचण नावांची. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब' आणि सातबाऱ्यावर 'बाळकृष्ण' असे आमच्याकडे दर हंगामात येते. गावात तिन्ही नावांचा माणूस एकच असतो, संगणकाला ते तीन दिसतात. अशी विसंगती असेल तर राजपत्रात नावबदल, प्रतिज्ञापत्र किंवा आधारमधील दुरुस्ती यांपैकी नेमके काय लागेल, हे प्रत्येक वेळी वेगळे ठरते. ते निकालाच्या आधीच्या सुट्टीत उरकावे.

नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र, ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या अखेरच्या ३१ मार्चपर्यंत चालणारे असावे लागते. बँक खाते आधारशी जोडलेले असूनही अनुदान जमा होण्यासाठीची जोडणी दुसऱ्याच जुन्या खात्याला असते आणि पैसे तिकडे जातात, हेही नेहमी घडते. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी कोणते खाते जोडले आहे' असेच विचारावे.

कोणत्या शासकीय योजनांचा लाभ घेता येतो?

बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर भरावे लागतात. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असून तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या घरचे उत्पन्न त्याहून अधिक असल्यास शुल्काच्या प्रतिपूर्तीसाठी फ्रीशिप आहे. खुल्या प्रवर्गातील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत निम्मे शिक्षण शुल्क शासन भरते. मुलींच्या बाबतीत २०२४-२५ पासून मोठा बदल झाला आहे: आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही, हे अनेक पालकांना प्रवेश घेऊन झाल्यावर कळते.

अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या, ५ टक्के जादा जागा असतात. येथेही उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे आणि प्रवर्गाची अट नाही. या जागांचे सांकेतिक क्रमांक वेगळे असतात, त्यामुळे ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरताना ते स्वतंत्रपणे टाकावे लागतात. चांगले गुण असूनही ही जागा हुकलेले विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत, कारण त्यांना नेहमीच्या जागेचा आणि या जागेचा क्रमांक एकच वाटला होता. आणखी एक: कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर ते स्वीकारावेच लागते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच लिहावे जे खरोखर हवे आहे, शेजाऱ्याने सांगितलेले नव्हे.

शिष्यवृत्तीचा अर्ज दर वर्षी नव्याने नूतनीकरण करावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे आपोआप चालू राहील, असे समजून दुसऱ्या वर्षी अनेकजण ती गमावतात.

शिष्यवृत्तीचे पैसे येईपर्यंत महाविद्यालयाने पूर्ण फी मागितली तर?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या सुधारित केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, पात्र विद्यार्थ्याला आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा, हे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात खिडकीवरचे उत्तर 'आधी भरा, मग मिळेल' असे असू शकते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात आमच्यासमोरच एका विद्यार्थिनीला असे उत्तर मिळाले. तिने नियमाची छापील प्रत पुढे ठेवून प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि दोन दिवसांत प्रवेश झाला. तोंडी बोलण्यावर थांबू नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि तरीही अडल्यास समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जावे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. या शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातले शुल्क महाविद्यालयाला वेळेत द्यायचे असते. घरात आजारपण किंवा कर्जाचा हप्ता असेल, तर ते पैसे तिकडे वळतात. त्याबद्दल कोणाला दोष देण्याऐवजी, पैसे आले त्या दिवशी विद्यार्थ्याला फोन करून आठवण देणारा माणूस कार्यक्रमात असणे जास्त उपयोगाचे आहे.

पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च कसा भागवायचा?

पुण्यात गरीब विद्यार्थ्याने वार लावून जेवण्याची जुनी पद्धत होती. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरलेली असत आणि मूल त्या त्या दिवशी त्या घरी जेवून शाळेत जाई. त्या घरांनी अनेकांना शिकवले, हे खरे आहे. पण त्या घरांच्या पंक्तीत सर्व जातींच्या मुलांना जागा नव्हती, हेही तितकेच खरे आहे. म्हणून जेवणाची सोय कोणाच्या मेहेरबानीवर न ठेवता हक्काची असली पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.

पहिला प्रयत्न शासकीय वसतिगृहासाठी करावा. सामाजिक न्याय विभागाची आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे पुण्यात आहेत, इतर मागास बहुजन कल्याण विभागानेही वसतिगृहे हाती घेतली आहेत. जुन्नर-आंबेगाव भागातील आदिवासी विद्यार्थ्यांना घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात माहिती मिळते. जागा नेहमीच कमी पडतात. ज्यांना जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी रोख साहाय्याच्या योजना आहेत: अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. विद्यार्थी त्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा, ही अट लक्षात ठेवावी.

अडचण अशी, की हे पैसे वर्ष बरेच पुढे गेल्यावर हातात पडतात आणि भूक जुलैतच लागते. सदाशिव पेठेतल्या एका खोलीत आम्ही दोन मुलांना एकच डबा वाटून खाताना पाहिले. डब्यात चार पोळ्या होत्या. त्यांनी त्या दोन-दोन केल्या, भाजी झाकणात अर्धी काढली आणि आमटी आळीपाळीने त्याच वाटीतून प्याले. महिन्याचा एक डबा दोघांत लावला की पैसे निम्मे होतात, असे त्यांनी अगदी सहज सांगितले. त्या वर्षापासून आमच्या गटाने शुल्कापेक्षा पहिल्या तीन महिन्यांच्या मेसला आधी पैसे द्यायचे ठरवले. शुल्काला मुदतवाढ मिळू शकते, जेवणाला नाही.

पुण्यात कोणत्या संस्था या कामात आहेत?

सर्वांची यादी येथे देता येणार नाही. ग्रामीण भागातून येणाऱ्या मुलामुलींसाठी विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून वसतिगृहे चालवते. डॉ. अच्युतराव आपटे यांनी ती सुरू केली. मुलींच्या उच्च शिक्षणासाठी लीला पूनावाला फाउंडेशन १९९५ पासून शिष्यवृत्त्या देते. खेड तालुक्यातील कडूस येथे दक्षणा फाउंडेशन आयआयटी आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षांची निवासी तयारी करून घेते. बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था या शासकीय संस्था पुण्यातच आहेत. त्यांच्या प्रशिक्षणाच्या व अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालय, कार्यालय किंवा बागेत काही तास काम करून मानधन मिळते, त्यासाठी आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटावे. महाविद्यालयातील समान संधी केंद्राचीही चौकशी करावी.

प्रवेश मिळाल्यावर मदतीची गरज राहते का?

सर्वांत जास्त गरज तेव्हाच असते, आणि बहुतेक देणगीदारांचे लक्ष नेमके तेव्हा दुसरीकडे वळलेले असते. मराठी माध्यमातून नव्वद टक्के गुण मिळवून आलेली मुलगी पहिल्या सत्रात इंग्रजीतील व्याख्यान वहीत उतरवू शकत नाही. तिला वाटते की आपण हुशार नाही. खरे तर तिला विषय समजलेला असतो, शब्द समजलेले नसतात. अशा वेळी पहिल्या महिन्यातच प्रत्येक विषयातले शंभर-दीडशे शब्द मराठीतून समजावून देणारा वरच्या वर्गातला विद्यार्थी लाभला, तर एटीकेटी, म्हणजे नापास विषय मागे राहणे, टळते. एटीकेटी टळली तर शिष्यवृत्तीही टिकते, कारण वर्ष वाया गेले की अनेक योजनांचा लाभ थांबतो.

न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठाने २००७ मध्ये 'एएसएपी' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात शुल्कातील तूट भरणे, पुस्तकांसाठी मदत, नियमित भेटणारा सल्लागार आणि मेट्रोचा पास, असे सगळे एकत्र दिले जाते. तीन वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण इतर विद्यार्थ्यांत २२ टक्के होते, या कार्यक्रमात ते ४० टक्के झाले. त्यातला मेट्रोचा पास मला फार महत्त्वाचा वाटतो. हडपसरहून किंवा धायरीहून रोज दोन बस बदलून येणारा मुलगा महिनाअखेरीस तासांना गैरहजर राहू लागला, की आम्ही आधी त्याच्या पीएमपीच्या पासची चौकशी करतो. कारण पुष्कळदा तिथेच सापडते.

राखीव जागेवरून प्रवेश घेतल्याचे वर्गात टोमणे ऐकावे लागतात. काय करावे?

राखीव जागा हा संविधानाने दिलेला हक्क आहे. त्याबद्दल कोणालाही खुलासा देण्याचे विद्यार्थ्यावर बंधन नाही. टोमणे, सीईटीचे गुण विचारणे, वसतिगृहात वेगळे वागवणे, हे सहन करण्याची गोष्ट नाही. तारीख, वेळ आणि बोललेले शब्द लिहून ठेवावेत आणि महाविद्यालयाकडे लेखी तक्रार करावी. त्याच दिवशी विश्वासातल्या एका माणसाला सांगावे. एकटे राहू नये. कार्यक्रमात काम करणाऱ्यांनी अशा वेळी 'अभ्यासाकडे लक्ष दे' एवढेच सांगून विद्यार्थ्याला परत पाठवू नये.

मुलीला पुण्यात पाठवायला घरचे तयार नाहीत. कार्यक्रम काही करू शकतो का?

करू शकतो, पण फोनवरून नाही. घरी जाऊन आई, वडील आणि शक्य असल्यास आजी यांच्याशी बोलावे लागते. त्यांची भीती खोटी नसते, म्हणून ती उडवून लावू नये. वसतिगृहाच्या वेळा, रेक्टर बाईंचा क्रमांक, स्वारगेटला उतरल्यावर वसतिगृहापर्यंत कसे जायचे, हे सगळे सांगावे. शक्य झाल्यास पालकांना एकदा स्वतः वसतिगृह दाखवून आणावे. त्याच तालुक्यातून आलेली, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकणारी मुलगी सोबत असेल, तर तिचे पाच मिनिटांचे बोलणे आमच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त पोहोचते.

दिव्यांग आणि अनाथ विद्यार्थ्यांसाठी काय आहे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा आहेत आणि वयात पाच वर्षांची सवलत आहे. अनाथ मुलांसाठी महाराष्ट्रात २०१८ पासून १ टक्का आरक्षण आहे. त्यासाठी महिला व बाल विकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र संस्थेतून बाहेर पडण्यापूर्वीच काढून घ्यावे.

शैक्षणिक कर्ज घ्यावे का?

शिष्यवृत्ती, शुल्कमाफी आणि वसतिगृह हे तिन्ही मार्ग तपासून झाल्यावरच. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला साधारणपणे तारण मागितले जात नाही. सावकाराकडून किंवा जमीन गहाण ठेवून फी भरण्यापेक्षा बँकेचे कर्ज केव्हाही बरे, पण व्यवस्थापन कोट्यातील महागड्या प्रवेशासाठी कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रवेश मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर?

देऊ नयेत. केंद्रीभूत प्रवेश गुणवत्ता यादीप्रमाणे होतात, त्यात कोणाच्या ओळखीने जागा मिळत नाही. आपला लॉगिन आणि पासवर्डही सायबर कॅफेवाल्याकडे ठेवू नये, वहीत लिहून घरी ठेवावा. दुसऱ्याने परस्पर ऑप्शन फॉर्म बदलल्यामुळे नको ते महाविद्यालय पदरी पडल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

या वर्षी प्रवेश हुकला. वर्ष वाया गेले का?

नाही. प्रवेशाच्या शेवटच्या संस्थास्तरीय फेऱ्या उशिरापर्यंत चालतात, त्या आधी पाहाव्यात. तिथेही जमले नाही, तर कला, वाणिज्य किंवा विज्ञानाच्या पदवीला अनुदानित महाविद्यालयात प्रवेश घेता येतो, किंवा काम करत शिकायचे असल्यास नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र जवळपास असतेच. पुन्हा सीईटी द्यायची असेल, तर त्या वर्षात वैधता प्रमाणपत्र, नावातील दुरुस्ती आणि बँक खात्याची जोडणी ही तीन कामे पूर्ण करून ठेवावीत.

आम्हाला या कामात मदत करायची आहे. पैसे द्यावेत की वेळ?

दोन्ही उपयोगाचे आहेत, पण वेळ देणारी माणसे कमी मिळतात. जून-जुलैमध्ये आठवड्यातून एक दिवस, तोही कामाच्या दिवसांतला, देता येईल का ते पाहावे, कारण तहसील कार्यालय आणि बँक रविवारी बंद असतात. मराठीत सहज बोलता येणे, मोबाइलवरून स्पष्ट फोटो काढून कागद अपलोड करता येणे आणि रांगेत दोन तास उभे राहण्याची तयारी, एवढे पुरते. येणाऱ्याला आम्ही एकच विद्यार्थी जोडून देतो आणि त्याची पदवी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे तीन किंवा चार वर्षे, दर महिन्याच्या पाच तारखेला त्याला फोन करायला सांगतो. पाच तारीख यासाठी, की मेसचे पैसे सहसा त्याच सुमारास भरायचे असतात.